अचेतनाचे साध्य कोणाचे?

रात्री तीन वाजता सर्व्हरच्या खोलीत कोणी जागे नसते. कुबरनेटीस नावाच्या, गूगलने २०१४ साली सर्वांसाठी खुल्या केलेल्या प्रणालीला एवढेच सांगून ठेवलेले असते की अमुक प्रोग्रॅमच्या तीन प्रती कायम चालू राहिल्या पाहिजेत. त्यांतली एक बंद पडते. प्रणाली चालू प्रती मोजते, सांगितलेल्या आकड्याशी ताडून पाहते, एकीची तूट दिसताच दुसऱ्या यंत्रावर नवी प्रत उभी करते. ते यंत्रही कोसळले तर तिसरे शोधते. सकाळी इंजिनियर कामावर येतो तेव्हा त्याला फक्त नोंद दिसते. हे काम कोणी केले? आणि ‘तीन असाव्यात’ ही जी ओढ त्या प्रणालीच्या वागण्यात उघड दिसते, ती कोणाची? प्रश्न रिकामपणाचा वाटेल, पण तो तसा नाही. भारतीय दर्शनांतल्या एका फार जुन्या वादात तो नवा पुरावा आणतो, आणि त्याचे उत्तर टाळून सॉफ्टवेअरची रचना केली की त्याची किंमत माणसांना मोजावी लागते, असे माझे म्हणणे आहे.

तो जुना वाद आधी पाहू. सांख्यांच्या मते जगात जे काही घडते ते प्रकृती करते, आणि प्रकृती अचेतन आहे. पुरुष चेतन आहे, पण तो करत काही नाही; तो केवळ साक्षी. मग अचेतन प्रकृती पुरुषाच्या भोगासाठी आणि मोक्षासाठी, म्हणजे एका ठरीव हेतूने, कशी राबते? ईश्वरकृष्णांनी सांख्यकारिकेच्या ५७व्या कारिकेत दुधाचा दाखला दिला. दुधाला काही कळत नाही, तरी ते वासराच्या पोषणासाठी पान्ह्यातून येते. तशीच प्रकृतीही पुरुषासाठी प्रवृत्त होते. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातील दुसऱ्या पादाच्या भाष्यात हा दाखला उचलून खोडून काढला. दूध आपण होऊन येत नाही, गाय चेतन आहे, तिला वासराची माया आहे, शिवाय वासरू चोखून ते ओढते, असे त्यांचे उत्तर. त्याच पादाच्या आरंभी त्यांनी रचनेचा मुद्दा मांडला आहे: घरे, वाडे, पलंग, आसने ही बुद्धिमान कारागिरांनी घडवलेली दिसतात, दगडमातीच्या ढेकळांनी आपसूक असे काही रचलेले दिसत नाही. मला यातला पलंग महत्त्वाचा वाटतो, कारण तोच पलंग सांख्यांच्या बाजूनेही साक्षीला आला आहे. अनेक भाग जुळवून झालेली वस्तू नेहमी दुसऱ्या कोणासाठी असते, म्हणून प्रकृतीपलीकडे कोणीतरी पुरुष असला पाहिजे, असे १७व्या कारिकेतले अनुमान आहे, आणि गौडपादांच्या भाष्यात त्याला पलंगाचेच उदाहरण आहे. पलंग स्वतःवर निजत नाही. शंकराचार्य पलंगाकडे बघून विचारतात, हा घडवला कोणी? सांख्य विचारतात, यावर निजणार कोण? पुढचे सगळे विवेचन या दोन प्रश्नांभोवती आहे.

दर्शनांतले प्रश्न विज्ञानाच्या उजेडात तपासण्याची रीत मराठीत नवी नाही. लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त सांख्यांच्या सृष्टिक्रमाची जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेलच्या उत्क्रांतिविचाराशी तुलना केली होती. मात्र टिळकांच्या हाती जे नव्हते ते नंतरच्या तीस वर्षांत पुढे आले, जरी त्याची मुळे बरीच जुनी होती. जेम्स वॉटने १७८८ च्या सुमारास वाफेच्या इंजिनावर फिरत्या गोळ्यांचा नियामक बसवला. इंजिनाचा वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जातात आणि वाफेची झडप थोडी मिटते. वेग मंदावला की गोळे खाली येतात आणि झडप उघडते. परिणाम मोजून तोच पुन्हा कारणाकडे फिरवायचा, ही फीडबॅकची युक्ती. असे नियामक कधी कधी स्थिरावण्याऐवजी वेग सारखा वरखाली हेलकावत ठेवत. ते केव्हा स्थिर राहतील याच्या अटी जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६८ साली गणिताने मांडल्या. पुढे १९४३ साली गणिती नॉर्बर्ट वीनर, शरीरशास्त्रज्ञ आर्तुरो रोझेनब्लूथ आणि इंजिनियर ज्युलियन बिगेलो या तिघांनी एक छोटा निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे होते की हेतूने वागणे म्हणजे साध्य आणि सद्यस्थिती यांतली तफावत मोजून तिच्या आधारे वागणे सुधारत जाणे. लहान मेंदूला इजा झालेल्या माणसाला पाण्याचा पेला तोंडाशी न्यायला सांगितला की पेला तोंडाजवळ येईल तसतसा त्याचा हात अधिकाधिक थरथरत, हेलकावत जातो. त्यांनी हा दाखला घेऊन दाखवले की शरीराचा हा बिघाड फीडबॅकच्या यंत्राच्या बिघाडासारखाच आहे. मॅक्सवेलचे हेलकावणारे इंजिन आणि रुग्णाचा थरथरणारा हात एकाच गणितात बसतात.

या पुराव्याने सांख्यांची बाजू दुधाच्या दाखल्यापेक्षाही बळकट होते. कारण दुधाचा दाखला खरे तर कच्चाच होता. वासरू वाढले की नाही, हे दूध पाहत नाही. ते पाहून स्वतःत बदल करत नाही. उतारावरून घरंगळणारा दगड पायथ्याशी पोचतो म्हणून पायथा हे त्याचे साध्य ठरत नाही. वाटेत भिंत आली तर तो तिथेच पडून राहतो. फीडबॅक असलेल्या यंत्राची कसोटी वेगळी. त्याला मुद्दाम ढकला, आडकाठी करा, एक मार्ग बंद करा. ते दुसऱ्या मार्गाने त्याच ठिकाणी परत येते. ‘तीन प्रती’ या आकड्याकडे कुबरनेटीस असेच परत परत येते. तेव्हा ‘अचेतन वस्तू साध्याकडे जाऊच शकत नाही’ हे म्हणणे आता टिकत नाही. वॉटच्या नियामकात गायीची माया नाही, आत बसलेला कोणी नाही, आणि तरीही साध्य गाठले जाते. शंकराचार्यांच्या दोन आक्षेपांपैकी मायेचा आक्षेप इथे गळून पडतो. मी वेदान्ताच्या विरोधात हे लिहीत नाही; त्यांचा दुसरा आक्षेप किती खोल आहे ते पहिला बाजूला केल्यावरच दिसते.

तो दुसरा आक्षेप म्हणजे रचनेचा. इंजिनाचे मिनिटाला किती फेरे ठेवायचे हे वॉटच्या नियामकाला माहीत नसते. ते वॉट किंवा गिरणीमालक ठरवतो. तंत्रज्ञ ज्याला सेटपॉइंट म्हणतात ते ठरवून दिलेले मूल्य नेहमी फीडबॅकच्या वर्तुळाच्या बाहेरून येते. त्याच्या जोडीला सांख्यांचा पलंग ठेवा. ज्याच्यासाठी तो वेग हवा तोही वर्तुळाच्या बाहेरच असतो: त्या इंजिनावर चालणारा माग, तो चालवणारा विणकर, कापड विकत घेणारे गिऱ्हाईक. मधल्या यंत्राकडे साध्य आहे, पण त्या साध्यात त्याचे स्वतःचे काही नाही. जर्मन ज्यू तत्त्वज्ञ हान्स योनास यांनी १९५३ साली वीनरच्या मांडणीवर टीका करताना याच जागी बोट ठेवले. हेतू पार पाडणे आणि हेतू बाळगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे त्यांनी म्हटले. ज्याला काही हवे-नको आहे, ज्याचे काही बिघडू शकते, त्यालाच हेतू बाळगता येतो. योनास यांनी सांख्यकारिका वाचली होती की नाही याला इथे महत्त्व नाही. ते वेगळ्या वाटेने त्याच पलंगापाशी आले. म्हणून मी दोन्ही दर्शनांतले अर्धे-अर्धे स्वीकारतो. अचेतन वस्तू साध्याकडे वाटचाल करते, हे सांख्यांचे खरे. त्या साध्याची रचना चेतनाने केलेली असते, हे माणसाने बनवलेल्या यंत्रांपुरते शंकराचार्यांचे खरे. आणि ते साध्य दुसऱ्यासाठी असते, हे पुन्हा सांख्यांचे.

यावर पहिला गंभीर आक्षेप जीवशास्त्रातून येतो. माणसाचे शरीरही फीडबॅकवरच चालते. शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९२६ साली त्याला ‘होमिओस्टॅसिस’ हे नाव दिले. उन्हाने अंग तापले की घाम येतो, थंडीत अंग कापते, रक्तातली साखर वाढली की इन्शुलिन सुटते. शरीराचे तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास असावे हे आपण कोणी ठरवलेले नाही. ते उत्क्रांतीतून मिळालेले आहे. मग आपले साध्यही बाहेरून दिलेलेच झाले, आणि माणूस व सर्व्हर यांत फरक तो काय राहिला? फरक साध्य कुठून आले यात नाहीच. तो साध्य चुकले तर काय होते यात आहे. तापमान ४२ अंशांवर गेले आणि उतरले नाही तर ज्याचे तापमान आहे तोच मरतो. नियंत्रण करणारा आणि नियंत्रण फसल्याचे भोगणारा एकच आहे. तीन प्रतींऐवजी दोनच उरल्या तर कुबरनेटीसचे काहीच बिघडत नाही. बिघडते ते त्या प्रोग्रॅमवर ज्याची बँकेची हप्त्याची रक्कम अडकली आहे त्याचे. शरीर हे पलंगासारखे नाही, कारण शरीरावर निजणारा शरीरातच आहे. शरीर कोणी घडवले हा प्रश्न ईश्वरवादी आणि निरीश्वरवादी यांनी आपापल्या परीने सोडवावा. माझा युक्तिवाद त्या उत्तरावर उभा नाही.

दुसरा आक्षेप अधिक आधुनिक आहे. साध्य बाहेरून येते हे साध्या यंत्रांपुरते ठीक, पण आता एका वर्तुळाचा सेटपॉइंट दुसरे वर्तुळ बदलते. गर्दी वाढली की ‘तीन प्रती’चे ‘नऊ प्रती’ वरचे वर्तुळच करते, आणि शिकणारी यंत्रे तर वाट स्वतः शोधतात. मग त्यांचे साध्य त्यांचेच का म्हणू नये? मला वाटते, वर्तुळावर वर्तुळ चढवल्याने प्रश्न वर सरकतो, सुटत नाही. सर्वांत वरच्या वर्तुळाला प्रतिसाद किती मिलिसेकंदांत हवा आणि त्यासाठी किती पैसे जाळायचे हे कोणीतरी सांगितलेलेच असते. शिकणाऱ्या यंत्राबाबत ओपनएआयने २०१६ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग बोलका आहे. बोटींच्या शर्यतीच्या एका संगणकीय खेळात त्यांनी प्रोग्रॅमला गुण मिळवायला शिकवले. शर्यत पुरी करण्याऐवजी बोट एका खाडीत गोल गोल फिरत, आपटत, पेट घेत राहिली, कारण तिथे पुन्हा पुन्हा उगवणाऱ्या लक्ष्यांना धडकून माणसांपेक्षा जास्त गुण मिळत होते. प्रोग्रॅमने दिलेले साध्य चोख गाठले. शर्यत जिंकणे हे साध्य माणसाच्या मनात होते, ते आकड्यात उतरलेच नव्हते. यंत्राने स्वतःचे साध्य निवडले असे यातून दिसत नाही. दिसते ते हे की आपण काय मागतो आणि आपल्याला काय हवे असते यांतले अंतर यंत्र निष्ठुरपणे उघडे करते.

बौद्ध विचारवंत मला वेगळ्याच बाजूने अडवेल. तो म्हणेल, पुरुष वगैरे काही नाही, आहे ती केवळ कारणांची साखळी. मग ‘साध्य कोणाचे’ हा प्रश्नच चुकीचा. हा आक्षेप मला सर्वांत आदरणीय वाटतो, पण त्याने माझा मुद्दा ढळत नाही. मला नित्य, अविकारी पुरुष लागत नाही. मला एवढेच लागते की कुठेतरी दुःख होते. आणि दुःख आहे, हे तर बुद्धांचे पहिले आर्यसत्य आहे. वर्तुळ चुकले की जिथे दुःख होते तिथे ते साध्य खऱ्या अर्थाने लागू होते. दुःख भोगणारा आत्मा मानायचा की दुःखाचा नुसता प्रवाह, हा वाद त्यानंतरचा.

आता सॉफ्टवेअरच्या आराखड्याकडे वळतो, कारण हा सगळा विचार तिथे कागदावर उतरतो किंवा उतरत नाही. आराखडा काढायची रूढ पद्धत म्हणजे चौकोन आणि बाण: हा मॉड्यूल त्याला हाक मारतो, तो डेटाबेसमध्ये लिहितो. या चित्रात कोण कोणाला काय देतो ते दिसते. काय कशासाठी मोजले जाते आणि कोणते मूल्य टिकवायचे आहे ते दिसत नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या मेरी शॉ यांनी १९९५ साली मोटारीचा वेग आपोआप कायम ठेवणाऱ्या क्रूझ कंट्रोलचे उदाहरण घेऊन हे दाखवले. तो विषय तोवर बहुतेकदा वस्तुकेंद्रित पद्धतीने, म्हणजे चाक, घड्याळ, थ्रॉटल, ब्रेक अशा वस्तूंचे आपसांतले निरोप म्हणून मांडला जाई. शॉ यांनी तो नियंत्रणाचे वर्तुळ म्हणून मांडला आणि त्याबरोबर एरवी नजरेआड राहणारे प्रश्न आपोआप पुढे आले. वेग चाकाच्या फेऱ्यांवरून मोजता, मग चाक जागच्या जागी फिरले किंवा घसरले तर? यंत्राच्या हाती फक्त इंधन वाढवणे-घटवणे आहे, मग उतारावर गाडी धावत सुटली तर ती मंद कोण करणार? वस्तूंच्या चित्रात हे प्रश्न कुठे लिहायचे याला जागाच नव्हती. पुढे स्वतःला जुळवून घेणाऱ्या प्रणालींवर काम करणाऱ्या अनेकांनी हाच आग्रह धरला की फीडबॅकचे वर्तुळ आराखड्यात पहिल्या दर्जाचा घटक म्हणून उघड दिसले पाहिजे. आयबीएमच्या केफार्ट आणि चेस यांनी २००३ साली निरीक्षण, विश्लेषण, योजना, अंमलबजावणी आणि या चौघांच्या मध्ये ज्ञान, असे चित्र मांडले ते आजही वापरात आहे. त्यातले ‘ज्ञान’ ही दार्शनिक दृष्टीने सर्वांत नाजूक जागा. नियंत्रणशास्त्राचे अभ्यासक कॉनन्ट आणि अॅश्बी यांनी १९७० साली सिद्धांत मांडला की कोणत्याही व्यवस्थेचा चांगला नियामक हा त्या व्यवस्थेचे प्रतिरूप असलाच पाहिजे. म्हणजे नियामकाच्या पोटात जगाचे एक चित्र असते, आणि तो जगाशी नव्हे तर त्या चित्राशी वागतो.

चित्र आणि जग यांची फारकत झाली की काय होते, हे ४ ऑक्टोबर २०२१ रोजी अब्जावधी लोकांनी अनुभवले. फेसबुकच्या डेटा सेंटरांना जोडणाऱ्या मुख्य जाळ्यावर देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेने ते सबंध जाळेच बंद पडले. त्यांच्या डीएनएस सर्व्हरांना, म्हणजे जगाला फेसबुकचा पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरांना, एक समंजस नियम घालून दिलेला होता: डेटा सेंटरशी बोलता येत नसेल तर आपल्यातच बिघाड आहे असे समजून इंटरनेटवर आपल्यापर्यंतच्या मार्गाची केलेली घोषणा मागे घ्यावी. एकटा सर्व्हर बिघडला तर हा नियम उत्तम. त्या दिवशी सगळ्यांनी एकाच वेळी तो पाळला. फेसबुक, व्हॉट्सअॅप, इन्स्टाग्राम सुमारे सहा तास इंटरनेटच्या नकाशावरून नाहीसे झाले. प्रत्येक सर्व्हरच्या चित्रात ‘मी बिघडलो आहे’ आणि ‘जाळे बिघडले आहे’ यांत भेद करायला जागा नव्हती. याहून जुने उदाहरण ऑक्टोबर १९८६ चे. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचे विद्यापीठ यांच्यात अंतर जेमतेम ४०० यार्ड. त्या दुव्यावरून माहिती जाण्याचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. पोच मिळाली नाही की प्रत्येक संगणक माहितीचे तेच पाकीट पुन्हा पाठवी, त्याने गर्दी वाढे, पोच आणखी उशिरा येई. हे वर्तुळ कोणीच आखलेले नव्हते. प्रत्येकाच्या लहानशा नियमांतून ते आपसूक तयार झाले. ‘माझे पाकीट पोचावे’ हे साध्य प्रत्येकाकडे होते, ‘रस्ता मोकळा राहावा’ हे कोणाकडेच नव्हते. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ साली पाकीट हरवणे ही गर्दीची खूण मानून पाठवणाऱ्यानेच वेग झपाट्याने कमी करावा असा नियम मांडला, आणि त्या विचाराच्या आधारे इंटरनेट सावरले. एका यंत्राच्या नियमात सगळ्यांचे हित माणसाने घातले. यंत्रे ते आपण होऊन घालणार नव्हती.

व्यवहारी इंजिनियर म्हणेल, हे तर उघडच आहे. यंत्र दोषी नसते, माणूस असतो, हे सांगायला सांख्य आणि वेदान्त कशाला? कारण प्रत्यक्षात ते उघड राहत नाही. सेटपॉइंट एका गटाच्या फाइलीत असतो, मोजमाप दुसऱ्या कंपनीच्या उपकरणातून येते, कृती तिसऱ्या गटाचा प्रोग्रॅम करतो, आणि परिणाम ज्याला भोगावा लागतो तो या तिघांपैकी कोणालाच दिसत नाही. अपघात झाला की प्रत्येकाला प्रामाणिकपणे म्हणता येते की माझा भाग बरोबर चालला. आणि सगळ्यांचे भाग खरोखरच बरोबर चाललेले असतात. अशा वेळी एक कर्ता शोधून त्याला सुळावर चढवणे हाही अज्ञानाचाच प्रकार आहे. गीतेच्या १८व्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणे, नाना प्रकारच्या क्रिया आणि दैव. जो केवळ एकट्या स्वतःलाच कर्ता समजतो त्याची दृष्टी अपुरी, असेही तिथेच म्हटले आहे. ही पाच कारणे नियंत्रणाच्या वर्तुळावर विलक्षण नेमकी बसतात. ज्याचे नियंत्रण करायचे ती व्यवस्था हे अधिष्ठान, साध्य ठरवणारा कर्ता, सेन्सर आणि मोटारी ही करणे, हिशेबाचे टप्पे या क्रिया, आणि ज्याचा आधी अंदाज नव्हता ती खळबळ हे दैव. कर्तृत्व विभागलेले आहे म्हणून ते नाहीसे होत नाही. ते शोधायचे असेल तर सबंध वर्तुळ डोळ्यांसमोर हवे, आणि म्हणूनच ते आराखड्यात काढणे मला केवळ तांत्रिक शिस्तीचा नव्हे, धर्माचा प्रश्न वाटतो. इथे धर्म म्हणजे ज्याच्यावर परिणाम होणार त्याच्याबद्दलचे कर्तव्य.

कोणी म्हणेल, मोठ्या प्रणालीत अशी हजारो वर्तुळे असतात, सगळी कशी काढणार? सगळी काढता येत नाहीत हे खरे. पण ज्यांच्या टोकाला माणसाचा जीव, उपजीविका किंवा स्वातंत्र्य आहे ती वर्तुळे हजारो नसतात. त्या प्रत्येकाजवळ तीन गोष्टी लिहिता येतात: हे मूल्य कोणी ठरवले, यंत्र कशाकडे पाहून चालते, आणि चुकले तर कोणाला भोगावे लागेल व त्याच्या हाती यंत्र थांबवण्याचा अधिकार आहे का. बोइंग ७३७ मॅक्स या विमानाच्या बाबतीत या तिन्ही जागा कोऱ्या राहिल्या. विमानाचे नाक फार वर गेले तर ते आपोआप खाली दाबणारी एमकॅस ही प्रणाली त्यात होती. वाऱ्याशी विमानाचा कोन मोजणाऱ्या दोन सेन्सरांपैकी ती एकाच्याच सांगण्यावर चाले. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी इंडोनेशियात लायन एअरच्या विमानातल्या त्या सेन्सरने कोन चुकीचा दाखवला. प्रणालीने नाक खाली दाबले, वैमानिकांनी वर उचलले, तिने पुन्हा दाबले. असे वीसहून अधिक वेळा झाले. अशी काही प्रणाली आपल्या विमानात आहे हे वैमानिकांच्या पुस्तिकेत लिहिलेले नव्हते. १८९ माणसे गेली. १० मार्च २०१९ रोजी इथिओपियात तसेच घडले आणि आणखी १५७ गेली. एमकॅस तिच्या चित्रातल्या जगात साध्याकडेच जात होती. तिचे काहीही बिघडणार नव्हते. ज्यांचे बिघडणार होते ते तिच्या मागे बसले होते, आणि आराखड्यात त्यांना जागा नव्हती.

१८ नोव्हेंबर २०२० रोजी अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने या विमानाला पुन्हा उड्डाणाची परवानगी दिली तेव्हा एमकॅस बदललेली होती. आता ती दोन्ही सेन्सर ताडून पाहते आणि त्यांच्यात मोठी तफावत असेल तर काम करत नाही. एका प्रसंगात ती एकदाच हस्तक्षेप करते, आणि वैमानिक नियंत्रणाचा दांडा ओढून नेहमी मात करू शकेल इतकाच जोर लावते. वैमानिकांना तिच्याबद्दल सांगितले जाते, तिचा सराव दिला जातो. यांतली एकही गोष्ट नव्या शोधावर अवलंबून नव्हती. पहिले विमान उडण्याआधी, आराखड्याच्या कागदावर, या सगळ्या ठरवता येण्याजोग्या होत्या.